गच्चीवरच्या बागेची वही: माघ ते चैत्र

प्रकल्प: सोसायटीच्या गच्चीवर भाजीपाल्याची आणि थोड्या फुलांची बाग. ठिकाण: सहकारनगर, पुणे. हाताशी काय आहे: गच्चीचा पूर्वेकडचा अर्धा भाग, एक नळ, मार्केट यार्डातून आणलेले फळांचे जुने क्रेट आणि तळजाईच्या टेकडीवर सकाळी बरोबर चालणारी माणसं. वहीत तारीख, काम, खत, पाणी हे नेहमीचे रकाने आहेतच. त्यांच्या शेजारी एक जादा रकाना आखला आहे, "कोणाकडून". बी, रोप, शेण, कात्री, सल्ला, जे काही वर येईल ते कोणाच्या हातून आलं हे त्यात लिहायचं. झाड वाढलं की ते आपलंच वाटायला लागतं आणि देणारा मागे पडतो. तसं होऊ द्यायचं नाही.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार (वसंत पंचमी)

आज नुसतं मोजमाप. तिसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त सिव्हिल इंजिनीअर आहेत. ते टेप, खडू आणि इमारतीचा जुना नकाशा घेऊन वर आले. माझ्या डोक्यात विटांचे वाफे होते, फूटभर मातीचे, गावाकडे असतात तसे. काकांनी कठड्यावर कागद ठेवून हिशेब मांडला. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. चौरस मीटरभर जागेत फूटभर ओली माती भरली, की वजन पाचशे किलोच्या आसपास जातं. "ताई, बाग करा, पण माती आणू नका," म्हणाले.

मग मातीऐवजी काय? पालापाचोळा. कुजलेल्या ओल्या पाल्याचं वजन मातीच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतं. क्रेटमध्ये पाला भरायचा, क्रेट बीमच्या रेषेवर मांडायचे आणि मध्ये चालायला जागा सोडायची, म्हणजे सरासरी भार आणखी खाली येतो. शिवाय क्रेट विटांवर उचलून ठेवायचे, खालून पाणी वाहतं राहिलं पाहिजे आणि गळती सुरू झालीच तर दिसली पाहिजे. बीमच्या रेषा काकांनी स्वतः खाली बसून खडूने आखल्या. गुडघे दुखतात त्यांचे. मी "द्या इकडे" म्हटलं तर म्हणाले, रेष सरळ यायला हवी.

कोणाकडून: संपूर्ण आराखडा, काका.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोसायटीच्या सभेत विषय सुरळीत पार पडला. गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं, सौरऊर्जा असे प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, हे सेक्रेटरीवहिनींनीच सगळ्यांना सांगितलं. खताचा खड्डा मागच्या अंगणात आहेच, त्याची कागदपत्रं त्या बघणार आहेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाला गोळा. या दिवसांत पुण्यात पाल्याला तोटा नाही. पानगळ ऐन भरात आहे आणि रस्तोरस्ती ढीग लागलेत. ते पेटवून दिले की सकाळी टेकडीवरून खालच्या वस्तीवर धुराचा पट्टा दिसतो. हा पाला जाळू नये, ज्याच्याकडे आहे त्याने ज्याला हवा आहे त्याला द्यावा, यासाठी पुण्यात "ब्राऊन लीफ" ही चळवळ चालते. टेकडीवर चालणाऱ्या आमच्या गटातली धनकवडीची मैत्रीण गेली काही वर्षं तिच्या गल्लीतला पाला असाच देत आलीय. आज तिने पोती भरून ठेवली होती, तोंडं सुतळीने शिवलेली, आणि प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: आंबा, बदाम, मिश्र. आंब्याचं पान जाड, कुजायला वेळ घेतं, म्हणून ते तळाला घालायचं. हे वेगळं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी भर रसवंतीवाल्या दादांची. उसाची चिपाडं ते एरवी कचऱ्यात देतात. ती चांगली वाळवून, बारीक तोडून पाल्यात मिसळली की क्रेटमध्ये हवा खेळती राहते आणि ओलावाही टिकतो. ओली घातली तर साखरेला मुंग्या लागतात. दादांनी आपल्या टपरीच्या पत्र्यावर ती आधीच वाळत घातली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

क्रेट भरले. पद्धत शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या अमृतजलाची: एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस रोज ढवळायचं आणि मग दसपट पाण्यात मिसळून वापरायचं. हे मिश्रण फुरसुंगीच्या मैत्रिणीने गुरुवारीच लावलं होतं. तिच्या दिराच्या गोठ्यात गाई आहेत. ती ड्रम रिक्षातून मांडीशी धरून घेऊन आली, ढवळायची काठीसुद्धा बरोबर.

पाला या पाण्यात बुडवून क्रेटमध्ये पायाने दाबत गेलो. एक थर पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा पातळसा, पुन्हा पाला. वाळल्या पानात कार्बन भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) कमी, ओल्या कचऱ्यात नत्राचं प्रमाण जास्त. कार्बन-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास आलं की कुजणं झपाट्याने होतं. नुसता पाला टाकला तर वर्ष जातं, नुसता ओला कचरा टाकला तर वास सुटतो. वरचा चार बोटांचा थर खड्ड्यातल्या तयार खताचा, कारण अर्धवट कुजलेल्या पाल्यात ऊब असते आणि कोवळी मुळं भाजतात.

दाभोळकरांविषयी आज काम करताना बोलणं निघालं. त्यांनी "प्रयोग परिवार" उभा केला, त्यात शेतकऱ्यांनीच आपापल्या रानात प्रयोग करायचे आणि एकमेकांना सांगायचे. मला त्या कामातलं हे सर्वात मोठं वाटतं. कुणी वरून येऊन शिकवायचं नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगायचं. आज गच्चीवर वेगळं काय चाललं होतं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

बियांची देवाणघेवाण, आमच्याच हॉलमध्ये. चहा-पोहे झाल्यावर सतरंजीवर पुरचुंड्या मांडल्या. मी नोंदवून घेतलेलं:

भेंडी, गवार, काकडी मंडईजवळच्या बियाण्याच्या दुकानातून, मी आणली. दुधी आणि दोडका फुरसुंगीहून. लाल माठ, राजगिरा सेक्रेटरीवहिनींच्या आईकडून. कारली शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून. अंबाडी आणि घेवड्याचे तीन प्रकार अकोल्याकडच्या मैत्रिणीकडून, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले.

घेवड्यावर मात्र तासभर गेला. तिने डबी उघडली आणि सतरंजीवर तीन ओळी लावल्या. एक पांढरा, एक तपकिरी ठिपक्यांचा, एक जवळपास काळा, डोळ्याजवळ पांढरी रेघ असलेला. त्यातल्या काळ्याला पाणी कमी लागतं आणि शेंगा थंडीत येतात, म्हणून तो आत्ता लावायचा नाही, पावसाळ्यात लावायचा. तिच्या आईकडे हे बी राखेत घोळून, मडक्यात ठेवून, तोंड शेणाने लिंपून वर्षानुवर्षं राहिलंय. त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीजबँक उभी केली, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक घरात आजी हेच करायची, राहीबाईंनी ते जाऊ दिलं नाही." तिने ठिपक्यांचा घेवडा प्रत्येकीला पाच-पाच दाणे दिला. मोजून, कारण तेवढाच होता. आपल्याकडचं संपत आलेलं माणूस असं वाटून टाकतं, तेव्हा ते दाणे हातात घेताना नीट बसावंसं वाटतं.

उद्या पेरणी. भेंडी आज रात्री पाण्यात, कारल्याच्या बीचं टोक नेलकटरने जरासं कातरून तेही भिजत.

१६ फेब्रुवारी

पेरणी झाली. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. वरून गोणपाट. कबुतरांसाठी जाळी, वॉचमनदादांनी बांधून दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टेकडीवर गिरिपुष्प फुललंय. पानं सगळी गळलेली आणि फांद्यांना गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, वनीकरणात इथे आलं. टेकडीवर देशी झाडंच असावीत असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही, पण त्याच्या पानांचं हिरवळीचं खत उत्तम होतं. कडधान्यांच्या कुळातलं झाड, पानांत नत्र भरपूर. नवा पाला आला की वाटेवर पडलेला तेवढा उचलायचा, तोडायचा नाही.

परतताना भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीपाशी थांबले. गाडीखाली तेलाच्या कापलेल्या डब्यात पुदिना लावलाय त्यांनी. जुडीतले विकले न गेलेले दांडे खोचून देतात, आणि जुड्या भिजवल्यावर उरतं ते पाणी त्यालाच. दिवसभर उन्हात उभं राहणारी बाई, तिला स्वतःची अशी सावलीसुद्धा नाही, आणि तिच्या पायाशी ते हिरवंगार. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी चार दांडे उपटून दिले. पैसे घेतले नाहीत. "लाव तुझ्याकडं, लई पसरतो."

पेठेतल्या वाड्यांच्या सज्जांतही हेच दिसतं. रंगाच्या डब्यात कढीपत्ता, फुटक्या बादलीत कोरफड, पाण्याच्या पिंपात ओवा. जागा नाही ही अडचण त्या लोकांनी कधी मानलीच नाही. मी सुरुवात करायचं धाडस केलं ते अशा सज्जांकडे बघून.

कोणाकडून: पुदिना, भाजीवाल्या मावशी.

२६ फेब्रुवारी, बुधवार (महाशिवरात्र)

मोगऱ्याचं काम. तळमजल्यावरच्या काकूंचा बटमोगरा, पत्र्याच्या जुन्या टबांत. संक्रांतीनंतर त्यांनी त्याचं पाणी तोडलं होतं. पानं पिवळी पडून अर्धी गळून गेली होती आणि कोणालाही वाटावं की झाड गेलं. काकू ऐंशी पार आहेत. जिना चढवत नाही, म्हणून टब दोघींनी मिळून अंगणातल्या ओट्यापाशी आणले आणि त्या ओट्यावर बसून मला शिकवत राहिल्या.

"अगं, घाबरतेस काय, काप. अर्ध्यावर काप."

मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुनी फांदी ठेवली तर झाड नुसतं वाढतं, कळी धरत नाही. पाण्याचा ताण दिल्याने वाढ थांबते, छाटून खतपाणी केलं की सगळी ताकद एकदम नव्या फुटीला लागते. कात्री डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागेच्या, वर पाव इंचावर, तिरकी. बारीक, आत वळलेल्या काटक्या मुळाशी साफ. मग उरलेली पानं हाताने ओरबाडायची, खालून वर नाही, वरून खाली, म्हणजे डोळा दुखावत नाही. हे मी उलटं करू लागले की काकू माझं मनगट धरून हात फिरवून देत. त्यांच्या बोटांना अजून अचूक कळतं कुठे डोळा आहे, कात्रीला दिसायच्या आधी. नंतर टबातली वरची माती खुरप्याने हलवली, ती दोन दिवस उन्हाला उघडी ठेवायची, मग शेणखत आणि भरपूर पाणी.

काकूंचं माहेर सांगलीकडचं. हा मोगरा त्यांच्या सासूबाईंनी लावलेला, त्याच्या फांद्या दाबून केलेली रोपं आता निम्म्या सोसायटीत आहेत. काकूंनी कोणाला काय दिलं याची यादी ठेवलेली नाही. मी ठेवणार आहे.

३ मार्च

भेंडी, गवार, काकडी, दुधी सगळं वर. कारल्याने वेळ घेतला पण आलं. अंबाडी दाट झाली, विरळणी केली आणि उपटलेल्या रोपांची भाजी सेक्रेटरीवहिनींनी केली. दाण्याचं कूट आणि लसणाची फोडणी. तिथेच वाटून खाल्ली.

९ मार्च, रविवार

ऊन चढलंय. दुपारी गच्चीची फरशी पायाला चटका देते. हिरवी शेडनेट आणायची ठरत होती, तेवढ्यात शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने तिच्या आईच्या जुन्या सुती साड्या आणल्या. आई गेल्यावर त्या कपाटात घडी करून ठेवलेल्या होत्या, टाकवत नव्हत्या आणि नेसवतही नव्हत्या. तिने स्वतःच त्या दोरीवर ताणून बांधल्या, पदर पश्चिमेकडे. एक जांभळी चौकड्याची, एक हळदी इरकल. ऊन गाळून येतं, वारा अडत नाही. बांधून झाल्यावर ती बराच वेळ त्याखाली बसली, आम्ही बाजूला काम करत राहिलो. कोणी काही बोललं नाही, बोलायची गरज नव्हती.

पाणी सकाळी सातच्या आत. आरओचं वाया जाणारं पाणी पिकाला देत नाही, त्यात क्षार जास्त. ते गच्ची धुवायला.

१४ मार्च, शुक्रवार (धुळवड)

काल सोसायटीची होळी छोटी केली. गोवऱ्या आणि वाळक्या फांद्या, पाला एकही पोतं नाही. मुलांनीच पाल्याच्या पोत्यांवर पहारा दिला. आज सकाळी राख चाळून डब्यात भरली. राखेत पालाश (पोटॅश) असतं आणि माव्यावर, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, धुरळली तर उपयोग होतो, पण ती अल्कधर्मी. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत मुळात चुना जास्त असल्याने राख चिमटीनेच वापरायची.

२३ मार्च, रविवार

गवारीवर मावा. शेंड्याला काळे-हिरवे ठिपके चिकटलेले आणि मुंग्यांची रांग. निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, साबणाचे थेंब, अशी तयारी झाली होती. शाळेतल्या मैत्रिणीने हात धरला. "थांब, आधी पानाच्या खाली बघ." भिंग तिच्या पर्समध्ये असतंच. पानाखाली काळी, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची अळी माव्यातून चालली होती. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. एकेक मावा पुढच्या पायांनी धरून, रस शोषून, रिकामं कातडं टाकून पुढे. आम्ही भिंग हातोहात फिरवत राहिलो. मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी. क्रेटच्या विटा पाण्याच्या थाळ्यांत ठेवल्या. फवारणी केली नाही. (नंतरची भर: गुरुवारपर्यंत शेंडे मोकळे झाले.)

काकडीच्या पिवळ्या फुलांवर आज मधमाश्या. बारक्या फुलोरी आणि दोन-तीन सातेरी. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तिथे मैत्रीण मुलांना सहलीला नेते. सातेरी आपली देशी, पेटीत पाळता येणारी. फुलोरी उघड्यावर झुडपात एकच लहान पोळं करते. काकडी, कारलं यांची नर आणि मादी फुलं वेगळी, माशी आली नाही तर फळ नाही. पाण्याची उथळ वाटी खडे घालून ठेवली, त्यांना बसायला.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

गुढी गच्चीवर उभारली, काकूंच्या हस्ते, चौघींनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणल्यावर. कडुलिंबाचा कोवळा पाला सोसायटीच्याच झाडाचा. डाळ, गूळ, ओवा घालून वाटलेली चटणी.

मोगऱ्याला कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत. काकूंनी पहिली ओंजळ स्वतः खुडली, आणि टब अंगणातून वर आणायला मदत करणाऱ्या वॉचमनदादांच्या मुलीला आधी गजरा दिला.

संध्याकाळी दुधी. नर फुलं आठवडाभर येत होती, आज पहिलं मादी फूल, देठाशी करंगळीएवढा लवदार दुधी धरलेलं. फुरसुंगीच्या मैत्रिणीने मागेच शेंडा खुडायला लावला होता, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात म्हणून. दुधी संध्याकाळी उमलतो, पांढरा, निशाचर पतंगांसाठी. आमच्या गच्चीभोवती चारही बाजूंना दिवे, पतंग फिरकताना क्वचित दिसतो. म्हणून नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, परागकोष मादी फुलाच्या तिन्ही फाट्यांवर हलकेच फिरवला. पिवळी पूड बोटाला लागली. तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली, मागून गोठ्यातल्या गाईंचा आवाज येत होता. दोडकाही संध्याकाळचाच, त्याचंही असंच करायचं. कारलं सकाळी, ते माश्यांवर सोडलं.

५ एप्रिल, शनिवार

पहिली भेंडी निघाली. दुधीचं फळ टिकलं, देठ खाली वाकलाय. परागीभवन झालं नसतं तर एव्हाना पिवळं पडून गळालं असतं.

भेंडीचे वाटे: काकूंना, इंजिनीअर काकांना, रसवंतीवाल्या दादांना, भाजीवाल्या मावशींना. भाजी विकणाऱ्या बाईंना भेंडी काय द्यायची, असं घरून कोणी म्हणालं. त्यांनी एक कच्चीच दातांनी मोडून बघितली आणि "कवळी हाय" म्हणत उरलेल्या पदराला बांधल्या.

पुढची कामं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू शनिवारी गच्चीवरच, आंब्याची डाळ सेक्रेटरीवहिनी, पन्हं मी. ३० एप्रिलला अक्षय तृतीया, काकूंच्या माहेरी त्या दिवशी वेलांसाठी आळी करतात, तेव्हा भोपळ्याची जागा आत्ताच ठरवायची. ठिपक्यांच्या घेवड्याचे प्रत्येकीचे दाणे जूनपर्यंत काकूंच्या मडक्यात एकत्र. वॉचमनदादांच्या घरच्यांनी दोन क्रेट मागितलेत, त्यांना मिरची लावायची आहे, गावाकडची लवंगी. धनकवडीला फोन झाला, दोन पोती पाला शिल्लक आहे. उद्या सकाळी आणून भरायचा.